पोट वाटीभर, थाळी अनलिमिटेड! वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर हॉटेलात जेवायचं तरी कसं?

आई-बाबांच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून आम्ही चौघं पुण्यातल्या एका थाळीच्या हॉटेलात गेलो होतो. रविवार दुपार, बाहेर पाऊण तास वेटिंग. टेबल मिळाल्यावर मी सांगितलं, "तीन थाळ्या द्या आणि एक वाटी उसळ, एक वाटी वरण वेगळं."

"सर, माणशी एक थाळी घ्यावीच लागते. वेगळं काही मिळत नाही."

"अहो, आईचं ऑपरेशन झालंय. ती तेवढं खाऊच शकत नाही."

"मग काकूंना थोडं कमी वाढतो ना. पण थाळी लागेल."

थाळी लागली. चारशेवीस रुपये. आईनं त्यातलं मोजून सहा-सात चमचे खाल्लं. दर दोन मिनिटांनी कोणीतरी फुलके, बासुंदी, आळूवडी घेऊन यायचं आणि ती हात आडवा धरायची. शेवटी कॅप्टन आला आणि अगदी काळजीनं म्हणाला, "काकू, जेवण आवडलं नाही का?" शेजारच्या टेबलावरची दोन माणसं वळून बघायला लागली. उरलेलं बांधून मागितलं, तर अनलिमिटेडमध्ये पार्सल देत नाहीत म्हणे. त्यानंतर घरात बाहेर जेवायचा विषय निघाला की आईचं एकच वाक्य ठरलेलं आहे, "तुम्ही जाऊन या, मी माझ्यापुरती खिचडी टाकते."

हॉटेलमधलं कोणीही उद्धट वागलं नाही, हे आधीच सांगायला हवं. ते त्यांच्या नियमानं वागले. अडचण त्या नियमात आहे, आणि ती आता एकट्या माझ्या आईची राहिलेली नाही.

शस्त्रक्रियेत पोटाचं नेमकं होतं काय?

बेरिअॅट्रिक शस्त्रक्रियेचे आपल्याकडे जास्त होणारे प्रकार दोन. पहिला स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. यात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. सुरुवातीला तिच्यात १०० ते १५० मिलिलिटर मावतं, म्हणजे घरातली आमटीची एक वाटी. भुकेची जाणीव करून देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या ज्या भागात तयार होतं, तोच भाग यात निघून जातो. त्यामुळे माणूस कमी खातो, इतकंच होत नाही; त्याला भूकही आधीसारखी लागत नाही.

दुसरा प्रकार गॅस्ट्रिक बायपास. यात जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. अन्न कमी मावतं आणि त्याचा मार्गही बदलतो.

पहिले काही आठवडे नुसते द्रवपदार्थ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं जेवण, असा क्रम असतो. पुढे वर्षभरात क्षमता थोडी वाढते आणि एक-दीड वाटी जेवण जातं. पण पूर्वीसारखं पोट परत येत नाही. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत आणि बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात.

"एवढं करण्यापेक्षा तोंडावर ताबा ठेवायचा ना," हे वाक्य ज्यांच्या ओठांवर आलं असेल त्यांच्यासाठी: ही शस्त्रक्रिया हौसेनं होत नाही. आरोग्य विम्यातून तिचा खर्च मिळवायचा तर विमा नियामकाच्या अटींनुसार बॉडी मास इंडेक्स ४० किंवा त्याहून जास्त लागतो, किंवा ३५ च्या पुढे असून सोबत मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकणं असे गंभीर आजार लागतात. आणि आधीचे सौम्य उपाय फसलेले असावे लागतात. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये आणि तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांनी २०१४ मध्ये ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा तिची बरीच चर्चा झाली होती. आईला मधुमेह होता आणि दोन्ही गुडघे बोलायला लागले होते. आता ती पर्वतीच्या पायऱ्या चढते.

मग हॉटेलात अडतं कुठे?

आपल्या पंगतीचा क्रम आठवून बघा. पानात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर वाढून झाली की पहिली येते ती वरणभाताची मूद आणि तिच्यावर तूप. मग पोळ्या, गोड, आणि शेवटी ताकभात. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला आहारतज्ज्ञ याच्या नेमकं उलट सांगतात: आधी प्रथिनं, मग भाजी आणि जागा उरली तर भात-पोळी. कारण चार घास भाताचे गेले की दुकान बंद. मटकीची उसळ तशीच वाटीत राहते आणि शरीराला जे हवं तेच मिळत नाही. असं महिनोन्‌महिने होत राहिलं तर केस गळणं, थकवा, स्नायू झिजणं सुरू होतं.

दुसरी गोष्ट वेगाची. प्रत्येक घास वीस-तीस वेळा चावायचा आणि एवढंसं जेवणही वीस-पंचवीस मिनिटं पुरवायचं. घाई केली, किंवा मऊ पाव, चिकट भात, कोरडं चिकन यांचा मोठा घास घेतला, तर तो वरच अडकतो. छातीत कळ येते, तोंडाला पाणी सुटतं आणि उठून बेसिन गाठावं लागतं. रविवारच्या गर्दीत टेबलापाशी पुढची पार्टी उभी असताना पंचवीस मिनिटं शांतपणे चावत बसून दाखवा.

पाणी, ताक, सूपही जेवणाबरोबर चालत नाही. जेवणाआधी आणि नंतर साधारण अर्धा तास लांब ठेवायचं, कारण त्या एका वाटीची जागा तेच खाऊन टाकतं. सोड्याची बाटली तर नकोच. आणि गोड! बायपास झालेल्यांना जास्त, पण स्लीव्हवाल्यांनाही, बासुंदी किंवा गुलाबजाम भोवू शकतो. साखर एकदम आतड्यात उतरली की दहा ते तीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात मुरडा, चक्कर. याला डम्पिंग सिंड्रोम म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातली साखर घसरून त्रास होतो. म्हणजे "एक घास घ्या हो, एकानं काय होतंय" असं म्हणून वाढणाऱ्याला माहीतही नसतं की त्या एका घासानं समोरचा माणूस पुढचा तासभर आडवा होऊ शकतो.

पण मला विचाराल तर सगळ्यात अवघड गोष्ट पोटातली नाही, पानातली आहे. 'पानात टाकू नये' हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. आईनंच ते मला आणि ताईला चिमटे काढून शिकवलं. आता दर वेळी बाहेर गेलं की तिला भरलेलं पान टाकून उठावं लागतं. बाबा तिच्या पानातलं संपवायला जातात आणि बाबांचं वजन वाढतंय, तो वेगळाच विषय.

हॉटेलवाल्यांचं गणित चुकीचं आहे का?

पूर्ण नाही. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत शिकलेल्या ज्या मोजक्या गोष्टी अजून उपयोगी पडतात, त्यातली एक म्हणजे स्थिर खर्च आणि बदलता खर्च. हॉटेलचं भाडं, पगार, वीज, एसी हे गिऱ्हाइकानं एक पोळी खाल्ली की सहा, यावर ठरत नाही. हॉटेल धंद्यात ढोबळ हिशेब असा की पदार्थाच्या किमतीपैकी साधारण तीस-पस्तीस टक्के कच्च्या मालाचे. बाकी सगळं जागा, माणसं आणि नफा.

आता चारशे रुपयांची थाळी धरा. कच्चा माल समजा १३० रुपयांचा. माझ्या आईनं त्यातलं पाव खाल्लं तर हॉटेलचे वाचले जेमतेम शंभर रुपये. म्हणजे तिला ती थाळी तीनशे रुपयांना दिली, तरी हॉटेलला तेवढेच पैसे सुटतील. शंभर रुपयांना मागितली, तर मात्र हॉटेल तोट्यात. म्हणून 'अर्धं खातो तर अर्धेच पैसे द्या' ही मागणी मला पटत नाही. बिर्याणीची हाफ प्लेट कधीच फुलच्या निम्म्या किमतीला नसते आणि त्यावरून कोणी भांडतही नाही.

हॉटेलवाल्यांची दुसरी भीतीही खरी आहे. 'आम्ही कमी खातो' म्हणत एका थाळीत दोघं जेवून जाणारी मंडळी आहेतच. त्यांच्यामुळेच भिंतीवर 'एका थाळीत दोन व्यक्ती चालणार नाहीत' अशा पाट्या लागतात.

पण त्यावर उपाय काय अवघड आहे? छोट्या वाट्यांची थाळी, एकदाच वाढायची, पुन्हा काही नाही. उसळ, पिठलं किंवा पनीर, भाजी, दही आणि एक फुलका. किंमत पाऊणपट, मेन्यूवर छापलेली. ज्याला हवी त्यानं घ्यावी, कारण विचारायचं नाही. अमर्याद वाढपाचा प्रश्नच नसल्यानं दोघांनी वाटून खाण्याचा फायदाही संपला.

आणि आपल्याकडच्या हॉटेलांना कमी मापात द्यायला येत नाही, यावर माझा विश्वास नाही. अख्खा चहा नको म्हणून मुंबईनं कटिंग काढला. सूप 'वन बाय टू' सांगितलं की वेटर न विचारता दोन बोल घेऊन येतो. उडप्याकडे सिंगल इडली, सिंगल वडा मिळतो. पाणीटंचाईच्या दिवसांत, २०१८ च्या सुमारास, पुण्यातल्या कितीतरी हॉटेलांनी पाण्याचा ग्लास अर्धाच भरायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाला आणखी हवं असेल तर तो मागेल, या हिशेबानं. त्यावर कोणी रुसलं नाही. पाण्याला जे जमलं ते भाजीला का जमू नये?

राज्य सरकारनं २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू केली, तेव्हा दहा रुपयांच्या त्या थाळीत काय असेल ते ग्रॅममध्ये ठरवलं: ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण, १५० ग्रॅम भात. म्हणजे सुमारे चारशे ग्रॅम. तिथे रांगेत उभ्या माणसाला आपल्याला किती मिळणार हे आधी माहीत असतं. चारशेवीस रुपयांच्या एसी हॉटेलात मात्र 'पनीर मसाला' म्हणजे किती, हे भांडं टेबलावर येईपर्यंत कळत नाही.

कायदा काय म्हणतो?

अर्धी प्लेट द्यायलाच हवी असा कायदा नाही. एप्रिल २०१७ मध्ये तेव्हाचे केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री रामविलास पासवान यांनी विषय काढला होता. अन्नाची नासाडी थांबवण्यासाठी हॉटेलांनी एका प्लेटमध्ये किती देणार ते सांगावं, असा त्यांचा प्रस्ताव होता. त्याच्या थोडं आधी पंतप्रधान 'मन की बात'मध्ये अन्नाच्या नासाडीवर बोलले होते. 'आता सरकार ताटातली कोळंबी मोजणार' अशी थट्टा झाली, सक्ती नाही असा खुलासा आला आणि विषय तिथेच राहिला. मला वाटतं, थट्टेत चांगली सूचना वाया गेली. किती द्यायचं हे सरकारनं ठरवू नये. पण किती देणार ते हॉटेलनं सांगावं, यात वावगं काय?

तसा एक नियम आहेही. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा आणि त्याहून जास्त शाखा असलेल्या हॉटेल साखळ्यांनी मेन्यूवर पदार्थासमोर कॅलरी आणि एका सर्व्हिंगचं माप लिहायचं आहे. मोठ्या साखळ्यांच्या बोर्डावर बारीक अक्षरात ते आकडे दिसतात. कोपऱ्यावरच्या 'फॅमिली रेस्टॉरंट'ला तो नियम लागू नाही, आणि आपण जेवायला जातो ते तिथेच.

कार्ड दाखवा, थोडं जेवण मिळवा?

अमेरिकेत काही रुग्णालयं शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला एक छोटं कार्ड देतात. 'या व्यक्तीची जठराची शस्त्रक्रिया झाली आहे, कृपया लहान मुलांच्या मेन्यूतून किंवा कमी प्रमाणात जेवण द्यावं,' अशा आशयाचं. हॉटेलवर बंधन नसतं, पण बरेच जण मान देतात. आपल्याकडेही असं कार्ड हवं, अशी सूचना मला दोघा-तिघांनी केली.

मला ती आवडत नाही. जेवायला गेलेल्या माणसानं वेटरला डॉक्टरची चिठ्ठी का दाखवायची? या शस्त्रक्रियेबद्दल बहुतेक जण घराबाहेर बोलत नाहीत. 'शॉर्टकट मारला' असं ऐकून घ्यावं लागतं, लग्न ठरायचं असलेल्या मुलींना तर फारच. त्यांनी दर शनिवारी कॅप्टनला आपल्या जठराची माहिती द्यायची आणि मग पाऊण वाटी वरण मिळवायचं, हा व्यवहार मला अपमानाचा वाटतो. शिवाय कमी खाणारे फक्त शस्त्रक्रियावालेच नाहीत. कवळी लावून हळूहळू जेवणारे आजोबा आहेत, केमोथेरपी चालू असलेली मावशी आहे, सहा वर्षांची पोरगी आहे.

आता त्यात नवी भर पडली आहे. मार्च २०२५ मध्ये माउंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही आठवड्याला एकदा घ्यायची इंजेक्शनं भारतात आली. मधुमेह आणि वजनासाठीच्या या औषधांनी भूक मंदावते आणि जठर हळू रिकामं होतं. ती घेणाराही चार घासांत 'बास' म्हणतो. परदेशात काही हॉटेलांनी छोट्या प्लेटचे मेन्यू काढायला सुरुवात केली आहे. आपल्याकडे डिलिव्हरी अॅपवर 'मिनी मील' कधीचं मिळतंय. म्हणजे एकट्यानं घरात बसून खायचं असेल तर कमी मिळतं. चार माणसांत बसून खायचं असेल तर मात्र मिळत नाही.

तोपर्यंत काय मागवायचं?

आईच्या आहारतज्ज्ञांनी सांगितलेलं आणि आम्ही पडत-धडपडत शिकलेलं थोडं सांगतो. प्रत्येकाची प्रकृती वेगळी, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

थाळीच्या हॉटेलापेक्षा सुटे पदार्थ मिळणारं हॉटेल बरं. स्टार्टरचं पानच अशांसाठी मुख्य जेवण असतं: पनीर टिक्क्याचे दोन तुकडे, अंडा भुर्जी, तव्यावरचा मासा. कोरड्या तंदुरी चिकनपेक्षा रश्श्यातलं मऊ चिकन सोपं जातं. मिसळीच्या दुकानात नुसती उसळ मागा, कट कमी, पाव नको. बहुतेक ठिकाणी देतात, फक्त आधी चमत्कारिक नजरेनं बघतात. डोसा हवाच असेल तर वाटीभर सांबारातली डाळ आधी संपवा. गर्दीच्या वेळेआधी, बारा-साडेबाराला जा, म्हणजे कोणी 'झालं का' विचारायला येत नाही. मद्याच्या बाबतीत डॉक्टरांचं ऐकाच. विशेषतः बायपासनंतर ते फार लवकर आणि जास्त चढतं.

आणि सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती आईची स्वतःची आहे. पदार्थ टेबलावर आला की चमचा लावायच्या आधी ती रिकामी प्लेट मागते, स्वतःपुरतं काढून घेते आणि उरलेलं लगेच बांधायला देते. उष्टं झालेलं नसतं, त्यामुळे रात्री घरी कोणीही खातं. पानात टाकल्याचं पापही लागत नाही.

सोबत जेवणाऱ्यांसाठी एकच सांगणं. 'एवढंच?' असं विचारू नका. तिला ते दिवसातून चारदा ऐकावं लागतं.

गेल्या रविवारी आई बऱ्याच महिन्यांनी आमच्याबरोबर बाहेर आली. थाळी नाही, घराजवळचं उडप्याचं हॉटेल. तिनं सिंगल इडली सांगितली, सांबार जास्त. वेटरनं काही विचारलं नाही, आत बघून नुसतं ओरडला, "एक सिंगल!" आमचे डोसे संपून कॉफी झाली तरी तिची अर्धी इडली बाकी होती आणि ती बाबांना कुठल्याशा लग्नाची गोष्ट सांगत होती. निघताना म्हणाली, पुढच्या वेळी मासे. सुरमईची एकच तुकडी तळून देतील का, हे विचारायला मला आता त्या मालवणी हॉटेलात फोन करायचा आहे.